आईच्या घरावरची फ्री डिश, दोन पावसाळ्यांनंतर

आई तासगावपासून बारा किलोमीटरवरच्या आमच्या गावी राहते. वय एकोणऐंशी. मी नोकरीमुळे सांगलीत, आणि बागेचं बघायला दर शनिवारी गावी. मे २०२४ मधल्या एका शनिवारी गेलो तर टीव्हीवर कापड टाकलेलं. विचारलं तर म्हणाली, "तीन दिस झालं, पैसे भरा म्हणून पाटी येतीया. तुला कशाला फोन करायचा त्यापायी?" महिन्याला २८० रुपयांचा रिचार्ज मी सांगलीतून करायचो आणि त्या महिन्यात विसरलो होतो. कंपनीचं नाव घ्यायचं कारण नाही, चूक माझीच होती. पण एकट्या म्हाताऱ्या बाईच्या घरातला आवाज माझ्या विसरण्यावर बंद पडतो, हे मला सहन झालं नाही. पुढच्याच शनिवारी दूरदर्शनची फ्री डिश बसवली. त्याला आता दीड वर्ष झालं, दोन पावसाळे गेले. कुणाला घ्यायची असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितो आहे. शिवाय 'फ्री' या शब्दाबद्दल मला थोडं सांगायचं आहे.

आधी खर्च. बॉक्स ९५०, छत्री आणि एलएनबी (छत्रीसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा छोटा डबा) मिळून ४५०, वीस मीटर वायर २५०, बसवायची मजुरी २००. एकूण १,८५०. त्यानंतर आजपर्यंत एक पैसा दिलेला नाही. जुन्या रिचार्जच्या हिशेबाने सात महिन्यांच्या आत पैसे वसूल झाले. ना महिन्याचं भाडं, ना कार्ड, ना कुठे नाव नोंदवणं. पाहणारा कोण, कुठला, हे वर कुणाला कळतसुद्धा नाही.

बसवायला तासगावचा एक पोरगा आला. मोबाईलमधलं होकायंत्र बघून अंगणात फिरला आणि आग्नेयेकडे हात करून म्हणाला, "आज्जी, नारळ आडवा येतोय. फांद्या काढाय लागतील." तो नारळ वडिलांनी लावलेला. आईने फांदीलाही हात लावू दिला नाही. मग छत्री घरावरून काढून गोठ्याच्या पलीकडच्या भिंतीवर घेतली, म्हणून वायर वीस मीटर लागली. ही सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर आहे. आपल्या भागातून बघितलं तर आग्नेय दिशेला, क्षितिजापासून साठेक अंश वर. पण छत्रीचं तोंड तेवढं वर दिसत नाही, कारण या छत्र्यांची ठेवणच तिरकी असते. पोरगा म्हणाला, "छत्री दिसती समोर, पण बघती वर." झाड किती आड येतंय याचा अंदाज घेताना हे लक्षात ठेवा, नाहीतर छत्रीसमोर मोकळं दिसतं आणि सिग्नल मात्र मिळत नाही.

चॅनेल शोधायला लावल्यावर शंभराहून जास्त वाहिन्या आल्या. सह्याद्री आलं, डीडी न्यूज, डीडी किसान, डीडी स्पोर्ट्स, संसद टीव्ही, शाळेच्या अभ्यासक्रमाच्या वाहिन्या, बऱ्याच खासगी हिंदी वाहिन्या, बातम्यांची रांग, थोड्या मराठी. आणि आकाशवाणीच्या वाहिन्या! आईला टीव्हीपेक्षा याचाच आनंद जास्त झाला. सकाळी पडदा काळा ठेवून ती टीव्हीवर रेडिओ ऐकते. पोथी वाचून झाली की मराठी रेडिओ, मग भाकरी.

चित्राबद्दल खरं सांगायचं तर बऱ्याच वाहिन्या जुन्या दर्जाच्याच दिसतात. मोठा टीव्ही असेल तर फरक जाणवेल. आईच्या चोवीस इंची टीव्हीला काही अडत नाही. मात्र बॉक्स घेताना एमपेग-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) चालणाराच घ्या. जुने एमपेग-२ चे बॉक्स अजून स्वस्तात खपवतात. त्यांच्यावर काही वाहिन्या दिसतच नाहीत आणि माणूस म्हणत बसतो की सेवाच अर्धवट आहे.

पावसाचं ज्याने त्याने विचारलं, म्हणून सांगतो. हे प्रक्षेपण ज्या लहरींवर चालतं त्या मोठ्या पावसात शोषल्या जातात. रिमझिमीत काही होत नाही. वळवाचा काळाकुट्ट ढग आग्नेयेला उभा राहिला की चित्राचे तुकडे पडतात आणि दहा-पंधरा मिनिटं पडदा जातो. गंमत अशी की घरावर पाऊस नसतानाही जातो, कारण ढग त्या वाटेत असतो. पैसे भरून घेतलेल्या डिशलाही हे चुकत नाही. दुसरं एक: मार्चच्या पूर्वार्धात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या आसपास काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं सिग्नल पडतो. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. पहिल्या ऑक्टोबरला हे माहीत नसल्यामुळे मी गोठ्याच्या भिंतीवर चढून छत्री हलवली आणि नीट बसलेली छत्री बिघडवली. तुम्ही हलवू नका. चहा प्या, येतं परत.

आता २९ जून २०२४ ची रात्र. टी-२० विश्वचषकाची अंतिम लढत, भारत आणि दक्षिण आफ्रिका. गल्लीतल्या दोन घरांत रिचार्ज होता, पण खेळाचं पॅकेज नव्हतं. आमच्याकडे डीडी स्पोर्ट्सवर सामना चालू. सोप्यात अठ्ठावीस माणसं मी मोजली, दारातली पोरं वेगळी. शेवटच्या षटकात सूर्यकुमार यादवने सीमेवर तो झेल घेतला तेव्हा आई खुर्चीतून उठून उभी राहिली. सात धावांनी जिंकलो. सांगलीच्या स्मृती मानधनामुळे आईला क्रिकेट कळायला लागलं आहे. पोरींचा सामना असला की ती हातातलं काम टाकून बसते.

हा सामना आमच्या सोप्यात फुकट दिसला, यामागे कायदा आहे. २००७ साली संसदेने नियम केला की राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचं प्रक्षेपण ज्याने विकत घेतलं असेल, त्याने ते आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीलाही द्यायचं. त्या वेळच्या जाहिरातींचं टीव्हीवरचं उत्पन्न ७५ टक्के हक्कदाराचं, २५ टक्के प्रसार भारतीचं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की असा मिळालेला सामना दूरदर्शनने आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणातून आणि आपल्या फ्री डिशवरच दाखवायचा, खासगी केबल आणि डीटीएचच्या वाटेने नाही. म्हणून केबल असलेल्या घराला जे दिसलं नाही ते आईच्या घरात दिसलं. त्या रात्री मला पहिल्यांदा जाणवलं की ही छत्री गरिबाची सोय एवढ्यावर थांबत नाही, तिच्यामागे एक हक्क आहे.

हक्क म्हटलं की मला वडिलांची पुस्तिका आठवते. वडील पोस्टात कारकून होते. त्या काळी रेडिओ घरात ठेवायला परवाना लागायचा आणि त्याचे वर्षाचे पंधरा रुपये पोस्टात भरावे लागत. छोटी पुस्तिका, तिच्यावर तिकीट लावून शिक्का. वडिलांच्या खिडकीवर द्राक्षवाले, हळदवाले, शाळामास्तर, सगळे पुस्तिका घेऊन उभे राहायचे. टीव्हीचा परवाना पन्नास रुपये. तपासायला निरीक्षक यायचा, परवाना नसला तर दंड. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ही पद्धत बंद झाली. आमची पुस्तिका आईने जपून ठेवली आहे. वडील सांगायचे, सांगली आकाशवाणीवर एखादं भाषण लांबलं किंवा बाजारभाव सांगायचे राहिले तर माणसं त्यांच्याच खिडकीवर येऊन बोलायची, "आम्ही पंधरा रुपयं भरतोय की!" सांगलीचं केंद्र १९६३ चं. पोस्टाचा आणि त्याचा तसा काही संबंध नव्हता. पण पैसे जिथे दिले तिथे माणूस तक्रार घेऊन जातो. वडील ती ऐकून घ्यायचे आणि एका जाड वहीत लिहूनही ठेवायचे.

मग आज पैसे कोण देतं? आईने हाच प्रश्न विचारला होता. "फुकट कसं देत्यात रं? कुणीतरी भरतच आसंल." बरोबर आहे तिचं. मी तिला सांगितलं ते असं.

आकाशवाणी आणि दूरदर्शन पूर्वी थेट सरकारच्या खात्यात होती. १९७७ नंतर पत्रकार बी. जी. व्हर्गीज यांच्या समितीने ती स्वायत्त असावीत असं सांगितलं. कायदा झाला १९९० मध्ये, पण तो सात वर्षं कपाटात राहिला. मधेच १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये प्रसार भारती हे महामंडळ उभं राहिलं. अध्यक्ष आणि बहुतेक सदस्य कोण असावेत हे तिघांची समिती सुचवते: राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती. कागदावर हे चांगलं आहे. पण पैशाची दोरी सरकारच्या हातात राहिली. केंद्राच्या अर्थसंकल्पातून दर वर्षी दोन हजार कोटींहून अधिक अनुदान येतं आणि त्यातला फार मोठा भाग पगारावर जातो, कारण ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत लागलेले कर्मचारी सरकारकडून प्रतिनियुक्तीवर आले आहेत असं कायद्यात धरलं आहे. यंत्रसामग्रीसाठी वेगळी तरतूद होते. जानेवारी २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने 'बाइंड' नावाच्या योजनेत २,५३९ कोटी मंजूर केले. त्यात दुर्गम, आदिवासी आणि सीमेवरच्या भागांत आठ लाखांहून अधिक फ्री डिश बॉक्स वाटायचं ठरलं. उरलेलं महामंडळाने स्वतः मिळवायचं: जाहिरातींतून आणि फ्री डिशवरच्या जागा खासगी वाहिन्यांना लिलावाने देऊन.

म्हणजे आई जी खासगी मालिका बघते, त्या वाहिनीने आमच्या सोप्यात यायचं भाडं भरलेलं असतं. बाजारात गाळा घ्यावा तसं. भाषा आणि प्रकाराप्रमाणे वाहिन्यांचे गट पाडलेले, प्रत्येक गटाची बोली वेगळ्या रकमेपासून सुरू, आणि जो जास्त बोलेल त्याला जागा. यातून वर्षाला शेकडो कोटी येतात. उरलेला पैसा आमच्याच कराचा. आई साबणापासून औषधापर्यंत जे विकत घेते, त्यावर कुठे ना कुठे भरतेच.

या लिलावाचा परिणाम पाहणाऱ्याच्या रिमोटवर होतो. मुदत संपली की वाहिन्या बदलतात. एप्रिल २०२२ मध्ये चार मोठ्या समूहांनी फ्री डिशवरच्या आपल्या हिंदी मनोरंजनाच्या वाहिन्या एकाच दिवशी काढून घेतल्या होत्या. आईच्या बाबतीत हे गेल्या एप्रिलमध्ये झालं. रोज दुपारी तीनला ती बघायची ती मालिका असलेली वाहिनी एके दिवशी नव्हतीच. चॅनेल परत शोधायला लावले की नवीन येतात, पण म्हातारीला ते कोण करून देणार? मी शनिवारपर्यंत येत नाही. शेजारच्या सातवीतल्या पोरीला शिकवून ठेवलं आहे. मेनू, स्कॅन, ओके. एकट्या वृद्धांसाठी फ्री डिश घेत असाल तर अशी एक सातवीतली पोरगी जवळ असू द्या.

आता माझी खरी तक्रार. ती छत्रीबद्दल नाही. प्रसार भारतीच्या कायद्यात कर्तव्यं लिहिली आहेत: माहिती, शिक्षण, करमणूक. शेती, ग्रामविकास, आरोग्य, प्रादेशिक भाषा, स्त्रिया, वृद्ध यांच्याकडे लक्ष. हे वाचून मला बरं वाटलं. पण लिलाव हाच कमाईचा मोठा आधार झाला की जागा बोलीप्रमाणे भरते, कर्तव्याप्रमाणे नाही. आईच्या बॉक्सवर मी एका रात्री नुसत्या मराठी वाहिन्या मोजल्या. हिंदीच्या गर्दीत त्या इतक्या थोड्या होत्या की मला वाईट वाटलं. मराठी वाहिनीची जाहिरातीची कमाई मराठी मुलखापुरती, हिंदीची अर्ध्या देशाची. बोलीत मराठी मागे पडणारच. तिथेच तर सार्वजनिक पैशाने उभं राहायला हवं. बाजार ज्याला जागा देत नाही त्याला जागा देण्यासाठीच हा खर्च आम्ही करतो.

आणि स्थानिकाचं काय? द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर आम्हाला रोज हवामान लागतं. दावण्या रोग कधी येईल, औषध कधी मारायचं, सगळं ढगावर. दिल्लीच्या वाहिनीवर तासगावचा ढग दिसत नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी तिथे ४५ फूट. मी तेव्हा सांगलीत गावभागात दुसऱ्या मजल्यावर अडकलो होतो. वीज नाही, मोबाईल मेलेला, केबल तर पाण्याखाली. शेजारच्या काकांकडे सेलवरचा जुना ट्रान्झिस्टर होता, त्याच्याभोवती आम्ही सहा घरं बसायचो. कोयनेतून विसर्ग किती, पाणी चढतंय की उतरतंय, एवढंच ऐकायचं असायचं. त्या चार दिवसांत करमणुकीची शंभर चॅनेल कुणाला आठवली नाहीत. मराठीत, आपल्या नदीचं, आपल्या पुलाचं नाव घेऊन बोलणारा एक आवाज पुरेसा होता. हा आवाज कुठल्याही लिलावात सर्वांत मोठी बोली लावू शकणार नाही. त्याचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवायला लागतात.

माझी पुतणी इंग्लंडमध्ये लेस्टरला नर्स आहे. तिच्याकडून कळलं की तिथे घरटी परवाना अजून आहे, एप्रिल २०२५ मध्ये तो वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झाला होता, आणि त्यावर बीबीसी चालते. तिला तो जड वाटतो, तिथेही लोक त्याविरुद्ध बोलतात. जर्मनीत घरटी महिन्याला १८ युरो ३६ सेंट द्यावे लागतात. तिथली एक गोष्ट मला फार आवडली. वाहिन्यांना किती पैसा खरोखर लागतो ते एक वेगळा आयोग तपासतो, मग राज्यं मान्यता देतात. सत्तेवर असलेल्याने खूश होऊन वाढवायचं किंवा रागावून कापायचं, याला त्यामुळे थोडा तरी बांध बसतो. आपल्याकडे परवाना परत आणा असं मी म्हणणार नाही. निरीक्षक दारात नको, आणि आईसारख्यांना वर्षाची पट्टी नको. पण रक्कम ठरवणारं, जाणत्या माणसांचं वेगळं मंडळ का असू नये? २०१४ मध्ये दूरसंचार तज्ज्ञ सॅम पित्रोदा यांच्या समितीनेही महामंडळाला पैशाची आणि माणसांची खरी मोकळीक द्या असंच सुचवलं होतं. शिवाय आपल्या १९९० च्या कायद्यात बावीस खासदारांची समिती लिहिलेली आहे, लोकांच्या तक्रारी ऐकायला प्रसारण परिषद लिहिलेली आहे. मला ती दोन्ही कामाला लागलेली बघायची आहेत. वडिलांची खिडकी बंद झाली तेव्हा पंधरा रुपये वाचले, पण "आम्ही भरतोय की" म्हणायची जागाही गेली.

एवढं सगळं असून मी फ्री डिश घ्या असंच सांगेन. गावातल्या सात घरांना मी स्वतः घ्यायला लावली आहे. त्यातल्या एका घरी नवरा-बायको दोघं द्राक्षाच्या बागेत रोजंदारीवर जातात, पोरगी दहावीला. ती संध्याकाळी अभ्यासक्रमाची वाहिनी लावून वही घेऊन बसते. त्यांच्या घरात स्मार्टफोन एकच आहे आणि तो दिवसभर बापाच्या खिशात असतो.

घेताना एवढं बघा. आग्नेय दिशा मोकळी हवी. वायरचा सांधा उघडा ठेवू नका, टेप गुंडाळून घ्या, आमच्याकडे पहिल्या पावसाळ्यात तिथूनच पाणी शिरलं होतं. वानरं असतील तर एलएनबीचा दांडा तारेने आवळून टाका. बॉक्स आणि टीव्ही दोन्ही छोट्या इन्व्हर्टरवर घ्या, रात्रीच्या लोडशेडिंगला उपयोग होतो. बॉक्सची पावती घ्या, आमचा अडॅप्टर आठव्या महिन्यात जळला आणि पावती होती म्हणून दुकानदाराने बदलून दिला. आणि घरातला सेलवरचा रेडिओ टाकून देऊ नका. सेल मात्र वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, नवीन घालून ठेवा. आईचा रेडिओ टीव्हीशेजारच्या फळीवर आहे, परवान्याची पुस्तिका त्याच्या खाली.